दाव्याच्या छायेतील डॉक्टर

डॉक्टरच्या हातून उपचारात चूक झाली तर पुढे त्या डॉक्टरचे काय होते, हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक विचारतात तेव्हा त्यामागे बहुधा एक गृहीत असते, की काहीच होत नाही. डॉक्टर सुटतो, रुग्णालय सुटते आणि भोगायचे ते रुग्णाने भोगायचे. हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला तर त्यांचे गृहीत नेमके उलटे आढळते, की एक दावा दाखल झाला आणि आयुष्यभर मिळवलेले नाव गेले. ही दोन्ही गृहीते आकडेवारीवर पारखून पाहण्याचे काम प्रामुख्याने अमेरिकेत, १९८० नंतरच्या चार दशकांत झाले. कारण त्या देशात उपचारातील निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागणारे दिवाणी दावे मोठ्या संख्येने होतात, बहुतेक डॉक्टरांचा त्यासाठी विमा असतो आणि विमा कंपन्यांकडे प्रत्येक दाव्याची नोंद राहते. या प्रकरणात त्याच संशोधनाचा मागोवा घेतला आहे. त्याच्या केंद्रस्थानी शिकागोच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. सारा चार्ल्स यांचे काम आहे, कारण दाव्याचा डॉक्टरच्या मनावर होणारा परिणाम हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे, हे दाखवून देणाऱ्यांत त्या अग्रणी होत्या.

१. वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे

या विषयात पाऊल टाकण्यापूर्वी एक फरक स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सगळी चर्चा त्यावर उभी आहे. जमिनीची नीट मशागत करून, चांगले बियाणे निवडून, वाफसा पाहून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचेही पीक पावसाने दडी मारल्यास जाते, आणि ज्याने बियाणे ओलीत ठेवून कुजवले त्याचेही जाते. शेत दोन्हीकडे उजाडच दिसते, पण दोष फक्त दुसऱ्याला देता येतो. वैद्यकातही रुग्ण दगावला किंवा अपंग झाला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या परिस्थितीत त्याच शाखेतील एखाद्या सर्वसाधारण जाणकार डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली नाही, आणि त्याच त्रुटीमुळे रुग्णाला इजा झाली, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे आधी कधीही लक्षात न आलेल्या रुग्णाला ते इंजेक्शन दिल्यावर तीव्र प्रतिक्रिया आली आणि डॉक्टरने तातडीने योग्य उपचार केले, तर इजा झाली तरी निष्काळजीपणा झाला नाही. परंतु रुग्णाच्या केसपेपरवर ॲलर्जीची नोंद ठळकपणे असताना ती न वाचता इंजेक्शन दिले गेले असेल, तर तो निष्काळजीपणा होय. रुग्णाच्या शरीरावर दिसणारा परिणाम दोन्ही प्रसंगांत एकच आहे, आणि म्हणूनच रुग्णशय्येशेजारी बसलेल्या नातेवाइकाला हा फरक कळणे फार अवघड असते.

२. न्यूयॉर्कमधील नोंदी

हा फरक हाती घेऊन हार्वर्ड विद्यापीठातील ट्रॉयन ब्रेनन, ल्युसियन लीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांमध्ये १९८४ साली दाखल झालेल्या तीस हजारांहून अधिक रुग्णांचे कागद तपासले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाखल झालेल्यांपैकी ३.७ टक्के रुग्णांना आजारामुळे नव्हे तर उपचारामुळे इजा झाली होती आणि अशा इजांपैकी २७.६ टक्के निष्काळजीपणामुळे झाल्या होत्या. म्हणजे १००० रुग्ण दाखल झाले असे धरले तर ३७ जणांना उपचारामुळे इजा झाली आणि त्यांतील सुमारे १० जणांच्या बाबतीत दोष डॉक्टरांचा किंवा रुग्णालयाचा होता.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची ठरली. याच रुग्णांपैकी दावे कोणी केले, हे राज्यातील दाव्यांच्या नोंदींशी ताडून पाहिले असता, निष्काळजीपणामुळे इजा झालेल्या २८० रुग्णांपैकी अवघ्या आठ जणांनी दावा केल्याचे आढळले. उलट, एकूण ४७ दावे सापडले, त्यांपैकी बहुसंख्य अशा रुग्णांचे होते ज्यांच्या कागदांत तपासनीस डॉक्टरांना निष्काळजीपणा दिसला नव्हता. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांतील फार थोडे न्यायालयात गेले आणि जे न्यायालयात गेले त्यांतील अनेकांच्या बाबतीत डॉक्टरचा दोष कागदांवरून दिसत नव्हता. रुग्ण आणि डॉक्टर या दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे, हे या अभ्यासाने स्पष्टपणे दाखवले.

मात्र यावरून न्यायालये वाटेल तसे पैसे वाटतात असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कायदा आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विषयांचे अभ्यासक डेव्हिड स्टडर्ट यांनी सहकाऱ्यांसह निकाली निघालेल्या १४५२ दाव्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. चुकीमुळे इजा झाली होती अशा दाव्यांपैकी ७३ टक्क्यांत भरपाई मिळाली होती आणि चूक नव्हती अशा दाव्यांपैकी ७२ टक्क्यांत ती नाकारली गेली होती. छाननी बऱ्याच अंशी नीट होते, पण ती फार महाग आणि फार संथ असते. भरपाईपोटी दिल्या गेलेल्या प्रत्येक डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ आणि कारभार यांवर खर्च झाले होते, आणि इजा झाल्यापासून दावा मिटेपर्यंत सरासरी पाच वर्षे लोटली होती.

३. सारा चार्ल्स यांचा प्रश्न

ही पाच वर्षे डॉक्टर कशी काढतो, हा प्रश्न स्टडर्ट यांच्या आकडेवारीच्या कितीतरी आधी सारा चार्ल्स यांनी विचारला होता. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील शाखेत मनोविकारशास्त्र शिकवणाऱ्या चार्ल्स यांच्यावर एका माजी रुग्णाने निष्काळजीपणाचा दावा केला होता. तो काही वर्षे चालला आणि अखेर ज्युरीने, म्हणजे निकाल देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्यांच्या बाजूने निर्णय दिला. हा अनुभव त्यांनी पती युजीन केनेडी यांच्यासह लिहिलेल्या ‘डिफेंडंट’ या १९८५ च्या पुस्तकात मांडला. परंतु स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरत नाही, याची त्यांना जाण होती आणि म्हणून त्यांनी इतर डॉक्टरांकडे प्रश्नावली पाठवून माहिती गोळा करण्याचा मार्ग धरला. या पाहण्यांचे निष्कर्ष १९८४ आणि १९८५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पहिला निष्कर्ष असा, की दावा झालेल्या डॉक्टरांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणांनी निदान काही काळ तरी तीव्र मानसिक त्रास झाल्याचे नोंदवले. संताप, आतून येणारा ताण, निराशा आणि झोप न लागणे या तक्रारी वारंवार आढळल्या. वेगवेगळ्या पाहण्या एकत्र पाहून चार्ल्स यांनी पुढे असे मांडले, की २७ ते ३९ टक्के डॉक्टरांमध्ये गंभीर नैराश्याशी जुळणारी लक्षणे दिसतात. नैराश्य म्हणजे येथे तात्पुरती उदासी अभिप्रेत नसून झोप, भूक, एकाग्रता आणि जगण्यातील रस या सर्वांवर आठवडेच्या आठवडे परिणाम करणारा आजार अभिप्रेत आहे. आणखी काही जणांमध्ये नवा शारीरिक आजार उद्भवतो किंवा जुना बळावतो. दारू किंवा औषधांच्या आहारी गेल्याचे मात्र दोन टक्क्यांहूनही कमी डॉक्टरांनी मान्य केले. अर्थात, असे प्रश्न विचारल्यावर मिळणारी उत्तरे कितपत मोकळी असतात, याचा विचार वाचकाने करावा.

दुसरा निष्कर्ष तुलनेतून आला. दावा झालेल्या आणि न झालेल्या डॉक्टरांची उत्तरे शेजारी ठेवली असता असे दिसले, की दावा झालेले डॉक्टर विशिष्ट प्रकारचे रुग्ण घेणे थांबवतात, लवकर निवृत्त होण्याचा विचार करतात आणि आपल्या मुलांनी या व्यवसायात येऊ नये असे सुचवतात, आणि हे प्रमाण दावा न झालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असते. यांतील पहिली गोष्ट समाजाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे, कारण टाळले जाणारे रुग्ण बहुधा गुंतागुंतीचे, म्हणजे ज्यांना अनुभवी डॉक्टरची सर्वाधिक गरज असते असेच असतात.

भरपाईची रक्कम बहुतांशी विमा कंपनी भरते आणि डॉक्टरच्या खिशातून पैसे क्वचितच जातात, तर मग एवढा त्रास कशाचा, असे विचारणे स्वाभाविक आहे. चार्ल्स यांचे उत्तर असे, की दाव्याच्या कागदात रकमेपेक्षा मोठी गोष्ट लिहिलेली असते. भरपाई मागायची तर डॉक्टरने आपले कर्तव्य पाळले नाही असा आरोप करावाच लागतो, आणि ज्या माणसाने आपली सगळी ओळख काळजीपूर्वक काम करणारा अशी घडवलेली असते त्याच्या दृष्टीने हा आरोप कामावरचा न राहता माणूसपणावरचा होतो. त्यात एकटेपणाची भर पडते. खटल्यासंबंधी कोणाशीही बोलू नका, कारण बोललेले पुराव्यात येऊ शकते, असा वकिलांचा सल्ला असतो. तो कायद्याच्या दृष्टीने योग्य असला तरी डॉक्टर त्याचा अर्थ घरी आणि सहकाऱ्यांतही तोंड मिटून बसायचे असा घेतो. चार्ल्स यांनी येथे एक उपयुक्त भेद केला. घटनेचा तपशील बोलू नये, पण स्वतःला काय वाटते आहे ते जवळच्या माणसाशी अवश्य बोलावे. न्यायालयाची पद्धत समजून घ्यावी, बचावाच्या तयारीत स्वतः भाग घ्यावा आणि हातातून निसटलेले नियंत्रण थोडेथोडे परत मिळवावे, असा त्यांचा सल्ला होता. पॉल फ्रिश यांच्यासह २००५ मध्ये त्यांनी डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक सिद्ध केले त्याची दिशाही हीच होती.

चार्ल्स यांच्या पाहण्यांना मर्यादा होत्या. प्रश्नावलीला उत्तर देण्याचे कष्ट ज्यांना अधिक त्रास झाला असे डॉक्टर जास्त घेतात, आणि उत्तरे स्वतःविषयी स्वतः दिलेली असतात. तरी पुढे एका मोठ्या पाहणीतूनही हेच चित्र दिसले. अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संघटनेच्या सात हजारांहून अधिक सभासदांनी उत्तरे दिलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आधीच्या दोन वर्षांत कोणत्या ना कोणत्या दाव्यात गुंतलेला होता, आणि या गटात थकव्याने कामावरचे मन उडून जाणे, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण अधिक होते. दाव्यामुळे डॉक्टर खचतो की खचलेल्या डॉक्टरच्या हातून अधिक चुका होऊन दावे येतात, हे एका वेळच्या पाहणीतून ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात. चुकीमुळे हादरलेल्या डॉक्टरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अल्बर्ट वू यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ म्हटले होते. त्या शब्दप्रयोगावर रुग्णांच्या कुटुंबीयांनी पुढे आक्षेप घेतला आणि तो आक्षेप समजण्यासारखा आहे, कारण पहिला बळी रुग्णच असतो आणि ते विसरून डॉक्टरच्या दुःखाची चर्चा करता येत नाही.

४. किती डॉक्टर, किती महिने

मनाला होणारा त्रास खरा आहे हे मान्य केल्यावर तो किती जणांच्या वाट्याला येतो, हा हिशेबाचा प्रश्न उरतो. हार्वर्डमधील डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ अनुपम जेना यांनी सहकाऱ्यांसह एका मोठ्या विमा कंपनीच्या १९९१ ते २००५ या काळातील चाळीस हजारांहून अधिक डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या. दर वर्षी ७.४ टक्के डॉक्टरांवर दावा झाला, पण भरपाई द्यावी लागली ती १.६ टक्क्यांच्या बाबतीत. म्हणजे १०० डॉक्टरांपैकी वर्षभरात सात जणांच्या दारात दाव्याचा कागद आला आणि भरपाई द्यावी लागली ती दोघांहूनही कमी जणांच्या प्रकरणात. शाखेनुसार फरक प्रचंड होता: मेंदूच्या शल्यविशारदांपैकी वर्षाला १९.१ टक्के, तर मनोविकारतज्ज्ञांपैकी २.६ टक्के दाव्यांना सामोरे गेले. जास्त जोखमीच्या शाखांतील ९९ टक्के डॉक्टरांवर वयाच्या पासष्टीपर्यंत एकदा तरी दावा होतो, असा त्यांचा अंदाज आहे. आणि या शाखांत जी गोष्ट जवळजवळ कोणालाच चुकत नाही तिला केवळ वाईट डॉक्टरांची शिक्षा म्हणता येत नाही.

याच गटातील संशोधकांनी २०१३ मध्ये दुसरा हिशेब मांडला. ४० वर्षांची कारकीर्द म्हणजे ४८० महिने. त्यांपैकी सरासरी ५०.७ महिने डॉक्टरवर कोणता ना कोणता दावा अनिर्णित असतो. कारकिर्दीचा नववा-दहावा भाग असा टांगणीला लागलेला असतो, आणि दावा शेवटी फेटाळला गेला म्हणून तो काळ भरून निघत नाही. चार्ल्स यांनी ज्या ताणाचे वर्णन केले होते त्याला या संशोधनाने कालावधीचे माप दिले.

५. भीतीपोटी होणाऱ्या तपासण्या

डॉक्टरची भीती डॉक्टरपुरती राहत नाही. उद्या कोणी विचारले तर दाखवायला कागद असावा, एवढ्याच हेतूने एखादा स्कॅन लिहिणे, किंवा जोखमीचा रुग्ण घेण्याचेच टाळणे, याला बचावात्मक वैद्यक म्हणतात. स्टडर्ट, मिशेल मेलो आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील सहा जोखमीच्या शाखांतील ८२४ डॉक्टरांची २००३ मध्ये पाहणी केली, तेव्हा ९३ टक्के डॉक्टरांनी आपण असे करतो असे सांगितले, आणि ४२ टक्के डॉक्टरांनी आधीच्या तीन वर्षांत आपल्या कामाची व्याप्ती कमी केली होती. त्या सुमारास तेथील विम्याचे हप्ते भडकले होते आणि कायदा बदलावा म्हणून डॉक्टरांची चळवळ चालू होती. त्यामुळे या ९३ टक्क्यांमध्ये थोडी अतिशयोक्ती असणे शक्य आहे, हे लक्षात घेऊनच तो आकडा वाचला पाहिजे.

म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी डॉक्टरांना विचारण्याऐवजी डॉक्टर प्रत्यक्षात काय करतात ते पाहण्याचे ठरवले. डॅनियल केसलर आणि मार्क मॅक्लेलन यांनी १९९६ मध्ये दाखवले, की ज्या राज्यांनी भरपाईवर मर्यादा घालण्यासारखे थेट बदल केले तेथे हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांवरील रुग्णालयीन खर्च ५ ते ९ टक्क्यांनी कमी झाला आणि मृत्यूंचे प्रमाण मात्र वाढले नाही.

याहून नेटका पुरावा मायकेल फ्रेक्स आणि जोनाथन ग्रुबर यांनी अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांतून मिळवला. सेवेत असलेल्या सैनिकाला लष्करी रुग्णालयातील निष्काळजीपणाबद्दल सरकारवर दावा करता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ठरवले होते. पण त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांकडून उपचार घेणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबीयांना मात्र दाव्याचा हक्क होता, आणि बाहेरच्या रुग्णालयात गेल्यास तो हक्क सैनिकालाही मिळत होता. डॉक्टर एकच असताना एक रुग्ण दावा करू शकतो आणि दुसरा करू शकत नाही, अशी स्थिती संशोधकांना मुद्दाम निर्माण करता आली नसती, ती येथे आयतीच उपलब्ध होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार दाव्याची शक्यता नसताना रुग्णालयातील उपचारांचा व्याप सुमारे ५ टक्क्यांनी कमी होता आणि रुग्णांच्या प्रकृतीवर त्याचा मोजता येण्यासारखा वाईट परिणाम दिसला नाही. बचावात्मक वैद्यक अस्तित्वात आहे, पण त्याचा व्याप मर्यादित आहे, असे यावरून दिसते.

मग भरपाईवर मर्यादा घातली की प्रश्न सुटतो का? टेक्सास राज्याने २००३ मध्ये वेदना आणि मनस्ताप यांसाठी डॉक्टरांकडून मिळणाऱ्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. डेव्हिड हायमन, बर्नार्ड ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी त्यानंतरच्या नोंदी वर्षानुवर्षे अभ्यासल्या. दावे आणि भरपाई दोन्ही झपाट्याने घटले, पण आश्वासन दिल्याप्रमाणे डॉक्टरांचा ओघ वाढला नाही आणि उपचारांचा खर्चही उतरला नाही. यामागचे कारण या अभ्यासांनी सिद्ध केलेले नाही, पण एक शक्यता दिसते. मर्यादा रकमेवर घातली गेली होती, आणि चार्ल्स यांनी दाखवल्याप्रमाणे डॉक्टरला सतावणारी गोष्ट रक्कम नसून आरोप आणि त्याचा दीर्घ काळ हीच असते.

एक अस्वस्थ करणारा निष्कर्षही नोंदवला पाहिजे. जेना यांनी २०१५ मध्ये फ्लोरिडातील सुमारे चोवीस हजार डॉक्टरांच्या नोंदींवरून दाखवले, की जे डॉक्टर प्रत्येक रुग्णामागे अधिक खर्चाचे उपचार करतात त्यांच्यावर पुढील वर्षी दावे कमी होतात. औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी सर्वांत कमी खर्चाच्या गटात हे प्रमाण १.५ टक्के, तर सर्वांत जास्त खर्चाच्या गटात ०.३ टक्के होते. रुग्णांच्या आजारांच्या तीव्रतेतील सगळा फरक अशा अभ्यासात धरता येत नाही, तरीही भीतीने जादा तपासण्या लिहिणारा डॉक्टर आपल्या हिताच्या दृष्टीने अगदीच चुकत नाही, हे त्यातून सूचित होते, आणि नुसत्या उपदेशाने ही सवय का सुटत नाही तेही समजते.

६. वारंवार दावे होणारे डॉक्टर

आतापर्यंतच्या चर्चेत डॉक्टरच्या बाजूचे बरेच काही आले. दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडणे आवश्यक आहे. भरपाई दिल्या गेलेल्या प्रत्येक दाव्याची नोंद अमेरिकेत एका राष्ट्रीय नोंदवहीत केली जाते. तिच्या आधारे स्टडर्ट, मेलो आणि सहकाऱ्यांनी २००३ ते २०१५ या काळातील सुमारे ४ लाख ८० हजार डॉक्टरांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ८९ टक्के डॉक्टरांच्या नावावर भरपाईचा एकही दावा नव्हता. दोन किंवा अधिक दावे असलेले डॉक्टर फक्त २.३ टक्के होते, पण एकूण भरपाईच्या दाव्यांपैकी ३८.९ टक्के त्यांच्या नावावर होते. असे डॉक्टर दुसऱ्या राज्यात पळून नवी सुरुवात करतात हा समज खरा ठरला नाही. त्यांच्यापैकी काहींनी व्यवसाय सोडला, पण बहुसंख्यांनी काम चालूच ठेवले आणि एकट्याच्या दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतर डॉक्टरांपेक्षा अधिक होते, म्हणजे जेथे सहकाऱ्यांची नजर सर्वांत कमी असते अशा जागी. दाव्यांची भीती हजारो सावध डॉक्टरांची झोप उडवते आणि ज्या थोड्यांना थांबवायला हवे त्यांना थांबवत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष आहे.

७. चूक सांगितली तर

मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून वेगळा मार्ग धरला. इजा झाल्यास रुग्णालयाने स्वतःच चौकशी करायची, चूक आढळल्यास रुग्णाला ती सांगून माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची, आणि चूक नसल्यास तेही कारणांसह समजावून सांगून डॉक्टरच्या पाठीशी उभे राहायचे, असे वकील रिचर्ड बूथमन यांच्या पुढाकाराने ठरले. चुका कबूल केल्या तर दाव्यांचा पूर येईल ही भीती खरी ठरली नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार रुग्णांच्या दर एक लाख भेटींमागे महिन्याला येणाऱ्या नव्या दाव्यांचे प्रमाण ७.०३ वरून ४.५२ वर आले आणि दावा मिटण्याचा कालावधी १.३६ वर्षांवरून ०.९५ वर्षावर आला. वेंडी लेव्हिन्सन यांनी १९९७ मध्ये प्राथमिक आरोग्यसेवा देणाऱ्या डॉक्टरांचे रुग्णांशी झालेले संभाषण ध्वनिमुद्रित करून केलेला अभ्यासही येथे आठवण्याजोगा आहे. ज्यांच्यावर दावे झाले नव्हते ते डॉक्टर रुग्णाला सरासरी १८.३ मिनिटे देत, तर दावे झालेले १५ मिनिटे देत. आता काय तपासणार आणि नंतर कशावर बोलणार, हेही पहिल्या गटातील डॉक्टर आवर्जून सांगत. याच अभ्यासातील शल्यविशारदांत मात्र हा फरक आढळला नाही.

८. पालशेतची घटना आणि भारतातील कायदा

भारतातील स्थिती अमेरिकेहून वेगळी असली तरी या विषयावरील एक पायाभूत निकाल कोकणातील घटनेतून आला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे १९५३ च्या मे महिन्यात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, त्याला उपचारांसाठी पुण्याला नेण्यात आले आणि तेथे हाड बसवताना पुरेशी भूल न देता अति जोर लावला गेल्याचे न्यायालयांनी मान्य केले. तरुण काही दिवसांतच मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये निकाल देताना तीन हजार रुपयांची भरपाई कायम ठेवली आणि रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि ते करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे सांगितले. घटनेपासून अंतिम निकालापर्यंत पंधरा वर्षे गेली, आणि ती दावा लढणाऱ्या त्या तरुणाच्या बापाची जेवढी होती तेवढीच त्या डॉक्टरचीही होती.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. सर्वांवर पूर्णपणे मोफत उपचार करणारी रुग्णालये तेवढी वगळली. त्यामुळे रुग्णांना तुलनेने स्वस्त दार उघडले. अमेरिकेत सहसा नसलेली फौजदारी कारवाईची भीती मात्र भारतीय डॉक्टरला कायम असते. तिला आवर घालण्यासाठी २००५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे, पोलिसांनी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उपचार करताना डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे आहे, तर इतरांसाठी ती पाच वर्षे आहे. याखेरीज जमावाच्या मारहाणीची धास्ती आहे, आणि तिच्यामुळेच महाराष्ट्राला २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. बचावात्मक वैद्यकाला खतपाणी घालण्यात दाव्याच्या कागदापेक्षा दवाखान्याच्या फुटलेल्या काचेचा वाटा कमी नसतो.

दगड उचलणाऱ्या हाताला कागद मागण्याचा मार्ग मोकळा असतो, पण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास उपचारांच्या नोंदी ७२ तासांच्या आत दिल्या गेल्या पाहिजेत, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. उपचाराचा परिणाम वाईट झाला आणि मनात शंका आली, तर वाचकाने सर्वांत आधी लेखी अर्ज करून हे कागद मागावेत आणि ते त्याच शाखेतील दुसऱ्या डॉक्टरला दाखवावेत.